तुडवलेला जवळा

शरदातल्या सकाळी मोकळ्या हवेत धावण्यासारखं दुसरं सुख नाही. ते भोगून झालेली माणसं अलिबागच्या हाडांच्या दवाखान्यात गुडघे धरून बसली होती. माझ्या शेजारी थळचं एक म्हातारं कोळी जोडपं होतं.

“केसर, मी डॉक्टरला इचारनारच. या आश्विनात एकदा तरी धावू दे म्हनून.”

“भिंत धरून चालता, आन् धावनार!”

“अगो, पाऊस गेला की वल्ली वाळू कशी घट्ट बसते. पाय टाकला की गार लागतं. वारा पन हलका असतो.”

“मला नका सांगू. तरुनपनी किनाऱ्यावर मी जवळा सुकत घातलेला. तुम्ही आभाळाकडं बघत धावलात, सगळा तुडवलात.”

“आन् तू माज्या मागनं धावलीस.”

“मारायला!”

“पार खडकापर्यंत आलीस. मी मुद्दाम हळू धावत व्हतो.”

“ठाव व्हतं. म्हनून मी पन दमानंच येत व्हते.”

म्हातारा गालात हसला.

“अवो, डॉक्टरला माज्या गुडघ्याचं पन इचारा.”

तेवढ्यात कंपाउंडर बाहेर आला.

“डॉक्टरांना उशीर होईल. ओहोटी आहे ना, ते किनाऱ्यावर धावायला गेलेत.”