जागादाते हिरामणशेठ

न्हाय न्हाय, थांब, मशीन चालू करू नको. केसरीनाथ, हात काढ त्या माऊसवरनं. नाव काढायचं हाय. कोनाचं म्हंजे? आक्काचं, माज्या बहिनीचं. काय बघतोस? काढ बोललो तर काढ, यात एवढं बघायचं काय हाय? — न्हायच हाय? तिचं नावच न्हाय याच्यावर? अरे म्हायती हाय मला न्हाय ते. मजकूर मीच लिवून दिला, मला म्हायती नसनार तर काय तुज्या बापाला? — बस, रागवू नको. तो स्टूल सरकव इकडं. सांगतो.

हे बघ, उद्या रविवार. सकाळी दहाला आमच्या प्रार्थनाभवनाचं उद्घाटन, ठान्याहून मोठे पास्टर येनार, आनि पूर्ण्याच्या नाक्यावर तुजा हा वीस बाय दहाचा फ्लेक्स लागनार — म्हंजे लागनार व्हता. मंडळी लावतेय, म्हंजे आमच्या प्रार्थनेची सगळी मानसं, मी न्हाय. मंडळीचं प्रेम हाय, मी काय करू? मी बोललो त्यांना, कशाला, नको, आपलं काम देवाला दिसतं — पन ऐकतंय कोन? ... हसतोस काय? बरं, ठीक हाय, ॲडव्हान्स मी आनून दिला. फोटो बी मीच आनला, लग्नातला, त्यातलं बाकीचं वऱ्हाड तू कापलंस. 'अभिनंदन करनार — समस्त मंडळी' हे बी मीच लिवलं, मंडळीला अजून म्हायतीच न्हाय की ती माजं अभिनंदन करतेय. झालं समाधान? सगळेच करतात. त्या टेमघरच्या नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स काय त्याच्या मित्रमंडळानं लावला? त्याचा पैसा, त्याचा गॉगल, त्याचं मित्रमंडळ. त्याला कोन विचारत न्हाय, मलाच विचारा सगळ्यांनी!

आनि मी कशासाठी केलं ते तुला तरी म्हायती हाय. तू गावचा मानूस, माज्याबरोबर शाळेत मार खाल्लास. मी आनि आक्का ख्रिस्ती झालो तेव्हा आमचे चुलतभाऊ काय काय बोलले? हिरामणला तांदळाच्या गोनी मिळाल्या. हिरामणला मिशनवाले बंगला बांधून देनार. माज्या पोराच्या लग्नात सख्खा चुलता मांडवाच्या भाएर उभा राहून परत गेला, पान्याचा घोट न्हाय घेतला त्यानं. नऊ वर्सं ऐकतोय मी, केसरी. नऊ वर्सं! मग माजी इच्छा झाली की नाक्यावर, सगळ्या भावकीच्या डोक्यावर, एवढं मोठं लागलं पायजे — की हिरामणनं घेतलं न्हाय, हिरामणनं दिलं! वाचा आता येता-जाता! यात चुकलं काय? सांग ना, चुकलं काय?

फोटोमागची किरनं तू टाकलीस, मी बोललो नव्हतो. — बरं, बोललो व्हतो. पन एवढी न्हाय.

आता वाच ते, मोठ्यानं वाच. न्हाय, नको, मीच वाचतो. 'जागादाते, दानशूर, प्रभूचे विश्वासू सेवक, माननीय श्री हिरामणशेठ.' ऐकलंस? विश्वासू सेवक. हे कोनी बोलायचं असतं, म्हायती हाय का तुला? आमच्यात असं हाय की मानूस मरतो, देवासमोर जाऊन उभा राहतो, आनि मग तो धनी बोलनार, बरोबर केलंस किंवा न्हाय केलंस. त्यानं बोलायचं. एकदाच. आनि मी काय केलं? मी ते तुज्याकडं दर चौरस फुटानं छापायला दिलं. थांबायला तयारच न्हाय मी! — न्हाय, मी घाबरलो वगैरे न्हाय. हिरामण कोनाला घाबरत न्हाय.

काल संध्याकाळी तू दिलेला तो कागद, नमुन्याचा, काळा-पांढरा, तो घरी घेऊन गेलो. आक्का अंगनात वाल सोलत बसलेली. बोलली, काय आनलंस रं? बोललो, उद्घाटनाचा बोर्ड, असा होनार हाय. तिला वाचता येत न्हाय, तुला म्हायती हाय. कागद उलटा धरला तिनं, मी सुलटा करून दिला. माज्या फोटोवर बोट ठेवून बोलली, हा तूच ना? लय गोरा केलाय तुला. मंग बोलली, काय लिवलंय, वाच. आनि केसरी, मी वाचलं. मी काय वाचलं? मी वाचलं — 'ही जागा आक्का आनि हिरामण या बहीन-भावानं प्रभूला दिली.' तोंडातनं असंच निघालं. तिच्या समोर बसून दुसरं काय निघतच नव्हतं. कागदावर एक, तोंडात एक. जगात दुसरा मानूस असंल का रे, जो स्वतःचा बोर्ड स्वतःच खोटा वाचतो?

कारन जागा तिची. — आता आ वासू नको. गावाला वाटतं माजी, मंडळीला वाटतं माजी, सात-बाऱ्यावर बी माजीच. पन आम्ही ख्रिस्ती झालो त्याच्या पुढच्याच वर्सी गोदामवाले आले, बापाची जमीन विकायची ठरली, तेव्हा बहिनीचा हक्क निघतो की न्हाय? निघतो. मंग आपल्यात काय करतात? बहिनीला साडी घेतात, रिक्षात बसवतात, रजिस्ट्रारच्या हापिसात नेतात आनि हक्कसोडीवर अंगठा घेतात. तू बी घेतलास ना तुज्या बहिनीचा? सगळ्यांनी घेतला. न्हाय दिला तर माहेर तुटलं. आक्का विधवा, पोरबाळ न्हाय, माज्याच मागच्या खोलीत राहते, ती कुठं जानार? तिनं अंगठा दिला. एकच गोष्ट बोलली, शाईचं बोट पदराला पुसता पुसता बोलली — हिरू, सगळं तुला, फक्त रस्त्याकडचा त्या मोठ्या भेंडीच्या झाडाखालचा दोन गुंठ्यांचा तुकडा विकू नको, तिथं आपन प्रार्थनेची जागा करू. तो माजा. मी बोललो, बरं. बाकी सगळं गोदामाला गेलं. घर बांधलं, गाडी घेतली, पोराचं लग्न केलं. तो तुकडा राहिला.

आनि मंग एका रविवारी, भाड्याच्या खोलीत आमची प्रार्थना चाललेली, पत्रा तापलेला, पास्टर बोलले की आता आपल्याला स्वतःची जागा पायजे, प्रभू कोनाच्या तरी मनात घालो. प्रभूनं घातलं का म्हायती न्हाय, मी उठलो. उठलो आनि बोललो, माज्याकडचे रस्त्याकडचे दोन गुंठे मी प्रभूला देतो! टाळ्या! हालेलुया! बायका रडायला लागल्या. पास्टरांनी मिठी मारली मला. आनि सगळ्यांत जोरात टाळ्या कोनाच्या? — आक्काच्या. मागं चटईवर बसून, हसत, अशा दोन्ही हातांनी. मी बघितलं तिच्याकडं. वाटलं, आता उठंल, बोलंल. न्हाय बोलली. दोन वर्सं झाली त्याला, अजून न्हाय बोलली. भवनाच्या पायाला पानी मारायला रोज तीच जायची, आनि मी मुंबईकडच्या पाव्हन्यांना दाखवायचो — ही माजी बहीन, सेवा करते बिचारी.

त्या काळात मी प्रार्थनेत साक्ष द्यायला, म्हंजे देवानं माजं काय भलं केलं ते सांगायला, उभा राहिलो की देवाबद्दल किती बोलायचो आनि हिरामणबद्दल किती, ते मोजलंस तर — जाऊ दे. तू कशाला मोजशील.

तर काल मी तिला खोटं वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल. तिनं कागद घडी करून माज्या हातात दिला आनि बोलली, माजं नाव काढ. बोललो, का? तर बोलली, देवानं बघितलंय ना? मंग? नाक्यावर सगळ्यांनी वाचलं की देवाला बघायला काय उरलं? माज्याकडं हे एवढंच हाय रे त्याला दाखवायला, ते तू बोर्डावर लावू नको. आनि वाल सोलायला लागली परत.

काढ म्हने! जे नाव लिवलंच न्हाय ते काढ! रागानं पेटलो मी. तिच्यावर, हो, तिच्यावरच. एकदा तरी भांडायचं ना माज्याशी! बोलायचं ना की चोरा, जागा माजी हाय! मी भांडलो असतो, जिंकलो असतो, मोकळा झालो असतो. ती भांडतच न्हाय. तिला माज्याकडनं काय पायजेच न्हाय, त्या चुलतभावांकडनं न्हाय, मंडळीकडनं न्हाय. अशा बाईचं काय करायचं?

म्हनून आलो. चल, काढ. 'दानशूर' काढ पयला. ... 'जागादाते' — काढ. 'विश्वासू सेवक' काढ, तो तर आधी काढ. नाव राहू दे नुसतं, लहान करून, खाली कोपऱ्यात? फोटो पन लहान — न्हाय, थांब. नाव पन काढ. मला विचारत बसू नको पन्नास वेळा, माजा विचार बदलंल! फोटोवर क्लिक कर आनि उडव. उडव! ... काय राहिलं? 'प्रार्थनाभवन, पूर्णा. सर्वांचे स्वागत आहे.' एवढंच? लय रिकामं दिसतं रं. चुलतभाऊ बोलतील, पैसे संपले हिरामणचे. बोलू दे. वीस बाय दहा रिकामा लावनार मी, बघू कोन काय बोलतो!

आक्काचं टाकू? खबरदार. तिनं न्हाय सांगितलंय. आनि तिचं टाकून परत मीच नाक्यावर उभा राहनार, बघा हिरामणचं काळीज, बहिनीला मान दिला. मला वळखत न्हायस तू. आता घरी जायचं आनि तिला सांगायचं — आक्का, त्याच्यावर तुजं नाव नव्हतंच, काढलं ते माजं. आनि उद्या पास्टर मला फीत कापायला बोलवतील तेव्हा माईकवर जागा कोनाची ते सांगायचं. ती चिडंल. चिडू दे. नाव बोर्डावर नको बोलली ना, पन माजी चोरी मला बोलायला पायजे, ती तिची न्हाय, ती माजी हाय. ते तरी माजं स्वतःचं.

काय? काय बोललास? — 'असं करायला लय मोठं मन लागतं, हिरामण.' ... अजून एकदा बोल. — न्हाय. न्हाय, केसरी, गप. तोंड बंद. बघितलंस ना आत्ता, कसा सरळ बसलो मी स्टूलावर? मी नाव काढलं ते कोनाला सांगायचं न्हाय. चाललो मी. तू माज्याकडं बघू नको, तिकडं बघ, स्क्रीनकडं.