डाव्या हाताच्या रचना

(सौदी अरेबियातल्या खोबर शहरातला फ्लॅट. नवरा-बायको खोकी भरत आहेत.)

नीलेश : म्हणजे तू हो म्हणालीस?

रूपाली : रात्रीपर्यंत सांगते म्हटलं.

नीलेश : अगं, सौदीकरण म्हणून शाळेनं तुझी संगीताची जागा त्या लुलवाला दिली. तुझ्याच हाताखाली शिकलेली पोर. आपण महिनाअखेर खुरूज मारून, व्हिसा संपवून कायमचे रत्नागिरीला. आणि जाता जाता तूच तिला शिकवायचं?

रूपाली : एडनाबाईंच्या डाव्या हाताच्या रचना मागितल्या तिनं.

नीलेश : त्या बाईंनी तुझ्यासाठी लिहिल्या होत्या.

रूपाली : माझ्यासाठीच. मी पेटीवाली, डावा हात जन्मभर भात्यावर. तुम्ही बाईंचा एसी दुरुस्त करायला गेलात आणि बायको पेटी वाजवते म्हणून सांगून आलात. पियानोवर बसवलं तर उजवा हात पळतोय, डावा मांडीवर. बाई हसल्या नाहीत. पुढच्या खेपेला नुसत्या डाव्या हातानं वाजवायचं लिहून समोर ठेवलं.

नीलेश : आणि बाई केवढी! अमेरिकेत सिम्फनी वाजली होती त्यांची.

रूपाली : एकदाच. कॅन्ससमधल्या खेड्यातल्या त्या. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. न्यूयॉर्कला शिकल्या, तिशीत ती सिम्फनी लिहिली. पेपरात चार ओळी आल्या. मग नवऱ्याच्या तेलातल्या नोकरीपायी इथं. ऑपेरा अर्धाच राहिला. इथं लिहिलं ते सगळं छोटं. ज्या मुलाचं जे बोट अडेल, त्याच्यापुरतं. वाईट वाटतं का, विचारलं होतं मी एकदा.

नीलेश : काय म्हणाल्या?

रूपाली : रोज सकाळी वाटतं म्हणाल्या. मग पहिलं मूल दारात येतं.

नीलेश : माझा राग पोरीवर नाही गं. एवढी वर्षं घातलीस तू त्या शाळेत. निरोपाला कोणी दोन शब्द बोललं नाही.

रूपाली : राग मलाही आहे. तिचा फोन ठेवला आणि रडले. तुम्ही कामावर होतात.

नीलेश : बोलली नाहीस.

रूपाली : लहानपणी लुलवा शिकायला यायची, तेव्हा इथल्या लोकांत वाजवणं चोरूनच; शेजाऱ्यांना सांगू नका म्हणायची तिची आई. आता ती भर वर्गात वाजवणार. बाई अमेरिकेला परतल्या, आजारी पडल्या, तेव्हाचा शेवटचा फोन आठवतो? काय वाजवतेस, हे विचारलंच नाही. कोणाला शिकवतेस, एवढंच. मी लुलवाचं नाव सांगितलं होतं.

नीलेश : ...कधी जायचंय?

रूपाली : उद्या चारला. तिच्या घरी. आपला पियानो तर गेला.

नीलेश : मी सोडतो.

रूपाली : तास-दीड तास लागेल. गाडीत बसून कंटाळाल.

नीलेश : बसेन. तिला फक्त खिडकी जरा उघडी ठेवायला सांग.