प्रेशर बरोबर, म्हणजे दादा ड्युटीवर

आम्ही उरणचे. म्हणजे उरणच्याही आत, खाडीच्या अंगाला, तिथं वडील मिठागरावर होते, आणि घरात आम्ही दोघं भाऊ, दादा मोठा, मी पाच वर्षांनी लहान. माझं नाव दिलीप, दादा दिल्या म्हणायचा. पनवेलला आधी त्याने आयटीआय केलं, मग त्याच्याच फाटक्या पुस्तकांवर मी केलं, आणि आमच्या बाजूला गॅसचा प्लांट आला होता तिथं दोघंही कॉन्ट्रॅक्टवर चिकटलो. मग गल्फचा एजंट आला. दादाला कतार मिळालं, मला हे, दुबईच्या बाजूचं. दोघांना एकाच ठिकाणी पाठवा म्हटलं तर एजंट म्हणतो, अहो समुद्र एकच आहे, विमानाने तासभर, घरच्यासारखंच समजा. खोटं नव्हता बोलत. आईने दोन बरण्यांत सुकट भरून दिली आणि म्हणाली, एकमेकांना बघत राहा रे.

तर आम्ही बघत होतो. म्हणजे कसं, ते सांगतो. लोकांना वाटतं इथं तेल आहे म्हणजे सगळंच आहे. तेल आहे हो, पण स्वतःचा गॅस पुरत नाही. वीज गॅसवर, एसी त्या विजेवर, समुद्राचं पाणी गोडं करतात तेही गॅसवर, म्हणून कतारहून समुद्राच्या तळातून पाइप आणलाय. तिकडून ढकलतात, इकडे आम्ही घेतो. ढकलायचं काम कंप्रेसरचं, दादा त्या कंप्रेसरवर होता. आलेला गॅस मोजायचं काम माझं. शारजाला अल नहदात राहायचं, पहाटे कंपनीची बस पकडायची, दीड तास मान वाकडी करून झोपायचं, आणि उतरल्यावर पहिलं काम स्क्रीनवरचं प्रेशर बघून लॉगबुकात लिहायचं. मग टी-ब्रेकला मी दादाला फोन करायचो, काय रे, आज हात आखडता घेतलास का. तो म्हणायचा, चहा प्यायचाय अजून, मग ढकलतो. दहा वर्षं हाच विनोद. रोज हसायचो, काय सांगू तुम्हाला.

मग दोन हजार सतराच्या जूनमध्ये, रमजान चालू होता, उठलो तर कतार आणि आमचं इकडचं, हे दोन देश बोलायचे बंद. विमानं बंद, बोटी बंद, टपालसुद्धा बंद. कतारबद्दल नुसती सहानुभूतीची पोस्ट टाकली तरी तुरुंग, असं पेपरातच आलं. आमच्याकडे मॅनेजरने मीटिंग घेतली, तिकडच्या माणसाशी पर्सनल कॉन्टॅक्ट नको, बोलायचं ते कंट्रोल रूमच्या लाइनवर, रीडिंगपुरतं. एका पाकिस्तानी हेल्परने विचारलं, और गॅस? मॅनेजर म्हणाला, गॅस का क्या है, गॅस चलेगा, यल्ला, काम पे जाओ. आणि चालला ना गॅस. एक दिवस थांबला नाही. त्यांनी बंद केला असता तर उद्या त्यांच्याकडून कोणी विकत घेतला नसता, आणि यांनी नको म्हटलं असतं तर जूनच्या उकाड्यात लोक शिजले असते. दोघांनाही परवडणारं नव्हतं. टीव्हीवर एकमेकांना शिव्या आणि खालून गॅस सुरळीत. नील, माझा मुलगा, तेव्हा दहावीला होता, म्हणाला, बाबा, दॅट मेक्स नो सेन्स. म्हटलं, तू अभ्यास कर.

मी घाबरलो होतो, ते कबूल करतो. तिघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर. दादाला शेवटचा फोन केला, म्हटलं, काही दिवस फोन नको करूस, मेसेजपण नको. तो म्हणाला, ठीक आहे रे. तू प्रेशर बघ. प्रेशर बरोबर आहे म्हणजे मी ड्युटीवर आहे असं समज.

आता बघा, मी आयुष्यभर मीटरवर काम केलेला माणूस. कंप्रेसर एक नसतो, माणूस एक नसतो, शिफ्टा असतात, एक गेला तर दुसरा उभा राहतो, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी रोज सकाळी आकडा बघायचो आणि मनात म्हणायचो, चला, दादा आहे. घरी येऊन सुनीताला, माझ्या बायकोला, सांगायचो, दादा बरा आहे. तिने एकदा विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, प्रेशर बरोबर आहे. ती पोळ्या लाटत राहिली.

वहिनी उरणला असायची. तिचा फोन यायचा कधी कधी. एकदा म्हणाली, भावोजी, हे छातीत दुखतं म्हणतात, ॲसिडिटी आहे म्हणतात, तुम्ही बोला ना एकदा. म्हटलं, बोलतो. तेव्हा मस्कतवरून जाता येत होतं, दोन विमानं बदलून. एचआरला विचारावं लागलं असतं, कतारला का जायचंय, कोणाकडे. मी नाही विचारलं. फोनही नाही केला. फोन लावला असता तर लागला असता, लाइन काही तोडली नव्हती कोणी. दुसऱ्या दिवशी स्क्रीन बघितला, प्रेशर बरोबर होतं. म्हटलं, ॲसिडिटीच असेल.

दादा पुढच्या ऑगस्टमध्ये गेला. आमच्याकडे आत मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवायचा, गॅसचं काम आहे. टी-ब्रेकला उघडला तर वहिनीचे अकरा मिस्ड कॉल. ती म्हणाली, भावोजी, हे गेले, परवाच गेले, कंपनीने आज कळवलं. परवा. म्हणजे कालची सकाळ आणि आजची सकाळ मी प्रेशर लिहिलं होतं आणि चला, दादा आहे, म्हटलं होतं. मी परत आत गेलो. आकडा तोच. लॉगबुकात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो, त्यात रोजच्यासारखं नॉर्मल लिहिलं आणि मग सुपरवायझरकडे रजा मागितली. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही, खरं सांगतो.

दादाला मुंबईला आणलं ते इराणवरून वळसा घालून, कारण इकडच्या आकाशातून त्यांच्या विमानाला परवानगी नव्हती. गॅसला होती. मी आपला दुबईहून सरळ गेलो, आधी पोहोचलो, कार्गोच्या बाहेर वाट बघत उभा राहिलो.

पुढे एकवीस साली मोठ्या माणसांनी टीव्हीवर गळाभेट घेतली. नील म्हणाला, सो, इट्स ओव्हर? म्हटलं, खलास. विमानं सुरू झाल्यावर दोहाला जाऊन आलो, दादाची एक पेटी राहिली होती. एजंट म्हणाला होता तसंच, तासभरात. तिथं त्याचा रूममेट, वर्गीस, केरळचा, त्याने चहा केला आणि म्हणाला, तुम्हारा भाई तो आखरी साल स्टोअर में था, मालूम है ना? डॉक्टरने त्याला कंप्रेसरवरून काढलं होतं, हार्टमुळे. स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट द्यायचा. म्हणजे वर्षभर मी जे प्रेशर बघत होतो त्याला दादाचा हातही लागला नव्हता.

आणि ऐका पुढे. वर्गीस कंट्रोल रूमला होता. म्हणाला, रोज सकाळी इंटरकॉमवर तुम्हारा भाई फोन करता था, पूछता था, उधर से गॅस लिया क्या? हम बोलते, हां, लिया. तो बोलता, फिर मेरा दिल्या ठीक है. आणि मग चहा प्यायचा. ज्या दिवशी गेला त्या दिवशीही विचारलं होतं. वर्गीसने सांगितलं, लिया. त्या दिवशी शुक्रवार होता हो, माझी सुट्टी. मी घरी झोपलो होतो.

पेटीत काही नव्हतं. दोन शर्ट, चष्मा आणि सुकटीची बरणी, धुऊन ठेवलेली. सुनीता आता तीत धने ठेवते.

पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय. गॅस येतोच आहे, यावा, सगळ्यांचे एसी चालू राहोत, नळाला पाणी राहो, माझं कोणावर काही म्हणणं नाही. नील नोकरीला लागला, दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत मित्रांबरोबर राहतो, इथून अर्ध्या तासावर. मी सकाळी मेसेज केला की अंगठा पाठवतो. म्हणतो, बाबा, थम्स अप मीन्स आय ॲम फाइन. मी लगेच फोन लावतो. झोपेत चिडतो तो. म्हणतो, बाबा, आय सेंट इट, ना! मी म्हणतो, अंगठा कोणीही दाबेल रे. तू बोल. दोन शब्द बोल आणि मग झोप.