कान उघडल्याचे दोन गुण

बहिरेपणावरचं मान्यताप्राप्त चर्चासत्र संपलं होतं. डॉक्टरांना परवान्याच्या नूतनीकरणासाठी लागणारे दोन गुण दाराशी मिळत होते, पण वैद्यकीय परिषदेच्या निरीक्षक बाई आधी प्रत्येकाचा अभिप्राय लिहून घेत होत्या. रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर डॉक्टर होते, सोबत त्यांची मुलगी.

“व्याख्यान कसं वाटलं, डॉक्टर?”

“मान? मान आता बरी आहे.”

“बाबा, व्याख्यान! व्याख्यान कसं वाटलं?”

“हां, व्याख्यान! झकास. हातवारे फार सुंदर केले त्यांनी.”

“आणि बोलले काय?” बाईंनी आवाज चढवून विचारलं.

“आता आली का पंचाईत!”

“मॅडम, चार तास पहिल्या रांगेत बसलेत हो बाबा. डुलकीसुद्धा काढली नाही.”

“बसल्याचे गुण नसतात, ताई. ऐकल्याचे असतात.”

“खरं सांगू, बाई? टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या. पण गुण नाही मिळाले, तर सोमवारपासून दवाखान्याला टाळं लागेल.”

“मग पेशंटचं कसं ऐकता?”

“ते ओरडून सांगतात. कुणाला मूळव्याध आहे, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं.”

“अरे देवा! बरं, शेवटचा प्रश्न. या चर्चासत्रामुळे तुमच्या कामात काय बदल होईल?”

मुलीनं प्रश्न त्यांच्या कानात मोठ्यानं सांगितला.

“लिहा, उद्याच कानाला यंत्र लावून घेतो. पोरगी सहा वर्षं तेच सांगतेय.”

“इतकं खरं उत्तर आज कुणीच दिलं नाही. हे घ्या तुमचे दोन गुण.”

“थांबा, बाबा. सहा वर्षं? म्हणजे माझं सगळं ऐकू येत होतं तुम्हाला?”

“तू ओरडतेसच तेवढी, बाळा.”