सतरा नंबरची चिठ्ठी

हाडांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाई चिठ्ठी बघितल्याशिवाय देवालाही आत सोडत नसत. पण आज त्यांचे कान बाकावरच्या आजोबा-नातीकडे लागले होते.

"करंगळी आणि शेजारच्या बोटात चिठ्ठी धर. मी ओढतो."

"दर वेळी सुटते, आजोबा."

"डॉक्टर म्हणालेत ना, कोपराच्या ऑपरेशनमध्ये दुखावलेली नस हळूहळू जागी होईल."

"चार महिने झाले. झोपाळूच आहे मेली!"

"तुझ्यावर गेलीय. धर घट्ट."

"ओढा!"

"ओढतोय! अगं, सुटत कशी नाही?"

"मी सोडतच नाहीये!"

टर्रकन आवाज झाला.

"आजोबा, सुटली नाही! फाटली!"

"सतरा नंबर!" बाई ओरडल्या. "चिठ्ठी कुठाय?"

"ही अर्धी घ्या, बाई. उरलेली तिच्या बोटांतून काढून दाखवा!"