कच्च्या रजिस्टरातील सहा नावे

मी गोपिका सचिन उईके, वय ३४ वर्षे, व्यवसाय नोंदणी लिपिक, सातधारा डायलिसिस केंद्र, राहणार आर्वी, जि. वर्धा. आज ठाण्यात आपणहून हजर होऊन, विचारल्यावरून सांगते ती हकीकत अशी.

सदर केंद्रात मी पाच वर्षांपासून आहे. पेशंटची किडनी कशाने गेली, हे संगणकात भरणे माझे काम. प्रत्येक कारणाला कोड असतो आणि तो निवडल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. 'कारण अज्ञात' असाही कोड आहे, पण त्याला डॉक्टरांच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो. डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. पेशंट धापा टाकत बसलेला असतो आणि नोंद झाल्याशिवाय मशीन सुरू करता येत नाही. म्हणून आमच्याकडे रीत अशी की, कारण माहीत नसेल तर 'रक्तदाब' टाकायचे. किडनी गेली की बीपी वाढतोच, त्यामुळे नोंद कोणी खोटी म्हणू शकत नाही. ही रीत व्यवस्थापक मोतीलालजी यांनी शिकवली. मी ती पाच वर्षे मुकाट्याने पाळली, हेही लिहून घ्यावे.

गुरुवारी डॉक्टर तपासून जे सांगतात ते मी हाताने कच्च्या रजिस्टरात लिहिते. संगणकातली नोंद मागे जाऊन कोणी बदलत नाही आणि वर तालुक्याला तीच जाते.

आज सकाळी सव्वाअकराला आनंदाबाई, राहणार टेकडी टोला ही छोटी वस्ती, रोहण्याच्या पलीकडे, या केंद्रात आल्या. त्यांचे पती रूपराव मागच्या वर्षी आमच्याच केंद्रात वारले. त्या म्हणाल्या, "मी तालुक्याले गेलती, इहिरीचं पाणी तपासा म्हनून. ते म्हणतेत, तुमच्या टोल्यावर सगळे बीपीनं गेले, पाणी तपासाचं काम नाई. माह्या घरधन्याले बीपी कवा होता व बाई? आता सून स्वीटीलेबी तेच होऊन राह्यलं. तुमी असं काऊन लिवलं?"

मी कच्चे रजिस्टर काढले. टोल्यावरची सहा नावे निघाली. सहाही नावांपुढे डॉक्टरांचे म्हणणे एकच: शुगर नाही, आधी बीपी नव्हता, कारण समजत नाही, विहिरीचे पाणी तपासावे. अक्षर माझे. संगणकात सहाही ठिकाणी रक्तदाब, तेही मीच टाकलेले. मला लाज वाटली. जबाबात असले लिहीत नाहीत असे हा जबाब लिहून घेणारे जमादार साहेब म्हणाले, पण वाटली ती वाटली.

मी मोतीलालजींना नोंदी दुरुस्त करू द्या म्हटले. ते म्हणाले, "तुमी कशाले डोकं लावता? सहाच्या सहा बदलल्या तं चौकशी आपल्यावरच येईन. ते रजिस्टर आजच फाडून टाका."

मी टेबलाशी परत आले आणि रजिस्टर आनंदाबाईंच्या पिशवीत ठेवले. "मावशी, तहसीलदारसायबाले दाखवजो," एवढेच म्हटले. त्यांनी विचारले, "अन् तुही नोकरी?" मी पिशवीचे तोंड बांधून त्यांच्या हातात दिली.

रजिस्टर जागेवर नाही हे पाहून दुपारी पावणेतीनला मोतीलालजींनी आनंदाबाईंना बसस्टँडवर अडवून येथे आणले आणि चोरीची तक्रार दिली. मला मोतीलालजींचा फोन आला, "टेबलाचा ड्रॉवर उघडा राह्यला होता, बस इतकंच सांगजा. नोकरी टिकन." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आनंदाबाई तेव्हापासून बाहेर बाकावर बसून आहेत आणि त्यांनी माझे नाव अजून कोणाला सांगितलेले नाही.

रजिस्टर चोरीला गेलेले नाही. ते मी दिले. त्यात इतर पेशंटचीही माहिती आहे, ते बाहेर देणे नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. जी कारवाई असेल ती माझ्यावर करावी. बाईंना शेवटच्या एसटीआधी सोडावे, उद्या सुनेचे डायलिसिस आहे. रजिस्टर जप्त करताना पाने माझ्यासमोर मोजावीत.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात जमादार साहेबांनी माझ्या भल्यासाठी 'गडबडीत, नजरचुकीने दिले' असे घातले होते. ते मी खोडायला लावून 'जाणूनबुजून दिले' असे करून घेतले. खोडल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.