ग्राफिक कार्डाचा नारळ

चा घ्या, पर भाव करायला मला कुटं न्हिऊ नगासा. शीतलनं न्हेलं, आन् काय झालं आयका.

शीतल म्हंजी माझी नात, कुपवाडात कारखान्यात कामाला जाती. तिच्या कॉम्प्युटरला गेम खेळायचं ग्राफिक कार्ड पायजे. पोरगी पगारातनं पैसं साठवती, आन् दर डावाला कार्डाचा भाव तिच्या म्होरं पळतोय. म्हनली, "आज्जी, औंदा तूच चल. तुज्याम्होरं कोन टिकत न्हाई."

कार्डापुडं फोडायला मी नारळबी घेतला. सांगलीत दुकानदाराला निम्म्यानं मागितलं. त्यो हसला. "आज्जी, ही कार्डं बनवणाऱ्या कंपन्याच एक-दोन हायत. भाव खाली कोन आनतंय?"

"मग ऱ्हाऊ दे," म्हनलं आन् पायरी उतरले. आमच्या गावच्या, कुंडलच्या बाजारात चार पावलं टाकली की मागनं हाक येतीच. वांगीवालीला ठावं असतंय, शेजारची टपून बसलीया.

शीतल कुजबुजली, "आज्जी, कोन बोलवत न्हाई गं."

"गप. येती हाक."

आन् आली की! "ओ आज्जी!"

मी शीतलला डोळा मारला आन् तोंड वाकडं करून वळले. "बोल, कितीला?"

"तुमचा नारळ ऱ्हायलाय हितं."

त्येच्यानंतर भाव आनिक चढला. नारळ आमच्या देव्हाऱ्यातच हाय. आतनं वाळलाय, हालवला की खुडखुड वाजतोय. काल शीतलला हसवायला मी त्यो तिच्या कानापाशी वाजवला.

ती हसली न्हाई. म्हनली, "आज्जी, चटनी कर त्येची."